ग्लॉक 17 ची स्लाइड निघत नाही, निघाली तर बसत नाही: साफसफाईच्या वेळच्या अडचणी

मॅगझीन काढलं, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) पाहिला, ट्रिगर दाबला, ट्रिगरच्या वर दोन्ही बाजूंना असलेले छोटे खटके खाली ओढले, तरी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) जागची हलत नाही. पुन्हा ट्रिगर, पुन्हा खटके, पुन्हा तेच. ग्लॉक 17 किंवा 19 पिस्तूल नव्याने हाताळणाऱ्यांची ही हमखास तक्रार. हत्यारात बिघाड क्वचितच असतो. चूक असते ती दोन-तीन मिलिमीटरची, आणि ती कुठे होते हे एकदा समजलं की पाच सेकंदांत काम होतं.

तोवर मात्र एक वाईट गोष्ट घडत असते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर ट्रिगर पुन्हा दाबावा लागतो. पहिल्यांदा माणूस चेंबर नीट बघतो, दुसऱ्यांदा ओझरता बघतो, तिसऱ्यांदा बघतच नाही. साफसफाई करताना "चुकून गोळी सुटली" अशा बातम्यांमागे बऱ्याचदा हीच साखळी असते. म्हणून स्लाइड अडकण्याची तक्रार आणि गोळी सुटण्याचा धोका इथे एकत्रच घेतला आहे. दोन्हींचं मूळ एकाच रचनेत आहे.

आधी एक खुलासा. भारतात 9 मिमी हा बोअर (नळीचं माप) सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्यामुळे इथे ग्लॉक हाताळणारे बहुतेक जण एनएसजीसारख्या दलांतले किंवा पोलिसांतले, आणि परदेशात, विशेषतः अमेरिकेत, रीतसर घेतलेलं पिस्तूल बाळगणारे. तुमच्याकडे .32 किंवा .22 असेल तर खोलण्याची पद्धत वेगळी असते. चेंबर तपासण्याचा आणि तेलाचा भाग तुमच्याही कामाचा आहे, पण खटक्यांचा भाग तुमच्या हत्यारावर करून बघू नका. तिथे त्या हत्याराची पुस्तिकाच प्रमाण.

ट्रिगर दाबावाच का लागतो

ग्लॉकला बाहेर दिसणारा हॅमर (ठोका मारणारा घोडा) नाही. स्लाइडच्या आत गोळीवर ठोका मारणारी फायरिंग पिन असते आणि तिच्या मागच्या भागाला खाली एक दात असतो. फ्रेममधल्या (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यातल्या) ट्रिगर बारचं, म्हणजे ट्रिगरला जोडलेल्या पट्टीचं, मागचं टोक अधिक चिन्हासारखं असतं, ते या दाताच्या पुढ्यात उभं राहून त्याला अडवतं. स्प्रिंगने अर्धवट ताणलेली पिन तिथे थांबलेली असते. अशा स्थितीत स्लाइड पुढे ढकलली तर दात त्या टोकावर आपटतो आणि स्लाइड अडते. ट्रिगर दाबला की टोक खाली सरकतं, पिन पुढे निसटते आणि वाट मोकळी होते. म्हणून खोलण्याआधी ट्रिगर दाबणं हा ग्लॉकच्या पद्धतीचाच भाग आहे, त्याला बगल देता येत नाही. सिग सावर पी320 सारख्या काही पिस्तुलांत ट्रिगर न दाबताही स्लाइड काढता येते. ग्लॉकमध्ये तशी सोय नाही.

यातून निदानाची एक सोपी खूण मिळते: ट्रिगरकडे बघा. तो मागे, ग्रिपच्या बाजूला पडलेला असेल तर पिन सुटलेली आहे आणि स्लाइड निघायला तयार आहे. तो पुढे आलेला असेल आणि त्याच्या मधली पातळ पट्टी बाहेर डोकावत असेल तर पिन पुन्हा ताणली गेली आहे. खटके कितीही ओढले तरी आता स्लाइड निघणार नाही. जोर लावणं थांबवा, पहिल्यापासून सुरुवात करा. पहिल्यापासून म्हणजे चेंबर तपासण्यापासून.

रिकामं करण्याचा क्रम

गोळ्या त्या खोलीत नकोतच. भरलेली मॅगझीन, सुट्या गोळ्या, खिशातली एखादी गोळी, सगळं दुसऱ्या खोलीत. टेबलावर फक्त हत्यार, रिकामं मॅगझीन आणि साफसफाईचं सामान.

मॅगझीन आधी काढायचं, स्लाइड नंतर ओढायची. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते बघा: मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर उडते, माणूस ती उचलून बाजूला ठेवतो आणि निर्धास्त होतो. तेवढ्यात मॅगझीनमधली वरची गोळी चेंबरमध्ये गेलेली असते. मग तो मॅगझीन काढतो, हत्यार रिकामं समजतो आणि ट्रिगर दाबतो. बाहेर पडलेली गोळी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे ही चूक जास्तच फसवी.

मॅगझीन काढल्यावर स्लाइड तीन-चार वेळा पूर्ण मागे ओढा. मग डाव्या बाजूचा स्लाइड स्टॉप वर करून ती मागेच अडकवा. चेंबरमध्ये टॉर्च मारून बघा, करंगळीचं टोक घालून चाचपा, मॅगझीनच्या रिकाम्या खाचेतही बघा. डोळा आणि बोट, दोन्ही वापरा. एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा) दात झिजला असेल किंवा पुंगळी फुगून चिकटली असेल तर स्लाइड चार वेळा ओढूनही गोळी आतच राहू शकते. तशी गोळी अडकलेली दिसली तर नळीच्या तोंडातून सळई घालून ती ठोकू नका. स्लाइड मागेच ठेवा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि आर्मररला (हत्यारांची दुरुस्ती करणाऱ्याला) बोलवा.

दलात भारतीय 9 मिमी 1ए वर शिकलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या रचनेवर बनलेलं आहे आणि मूळ हाय-पॉवरमध्ये मॅगझीन सेफ्टी असते, म्हणजे मॅगझीन बाहेर असताना ट्रिगर काम करत नाही. ग्लॉकमध्ये ही सेफ्टी नाही. मॅगझीन टेबलावर असलं तरी चेंबरमधली गोळी सुटते.

मग स्लाइड पुढे सोडा, तोंड सुरक्षित दिशेला करा आणि ट्रिगर दाबा. सुरक्षित दिशा म्हणजे कोणती? फ्लॅटमधली अर्ध्या विटेची पार्टिशन भिंत नव्हे, अमेरिकेतल्या घरांतली जिप्समची भिंत तर नव्हेच. 9 मिमीची गोळी जिप्समच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते, आणि पातळ विटेच्या भिंतीवरही भरवसा ठेवू नये. शस्त्रागाराबाहेर वाळूची पेटी असते ती यासाठीच. घरी कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली मोठी बादली ठेवा, तोंड त्या वाळूकडे करा आणि मगच ट्रिगर दाबा. टिच् असा बारीक आवाज येईल आणि ट्रिगर मागेच राहील.

आता ते दोन-तीन मिलिमीटर

उजव्या हाताची चार बोटं स्लाइडच्या वरून पलीकडे न्या. अंगठा ग्रिपच्या मागच्या वळणात अडकवा. मूठ आवळा. स्लाइड साधारण अडीच ते तीन मिलिमीटर मागे येईल, तेवढीच हवी. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट खालून आणून ट्रिगर गार्डच्या वरच्या बाजूचे दोन्ही खटके एकाच वेळी खाली ओढा. ते खाली धरून ठेवूनच मूठ सैल करा आणि स्लाइड पुढे ढकला. डावा हात खालूनच यायला हवा. तळहात नळीच्या तोंडासमोर येत असेल तर पकड बदला. हत्यार रिकामं आहे हे ठाऊक असलं तरीही बदला.

इथे चुका ठरलेल्या आहेत. स्लाइड अजिबात मागे न घेता खटके ओढले तर ते हलत नाहीत, कारण रिकॉइल स्प्रिंगचा (स्लाइडला पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा) सगळा दाब त्यांच्यावर असतो. लोकांना वाटतं खटके जाम आहेत आणि ते स्क्रू ड्रायव्हर शोधायला जातात. खटक्यांवर चरे पडलेलं पिस्तूल दिसलं की समजावं, त्याची ही गत झाली आहे. उलट स्लाइड गरजेपेक्षा जास्त मागे घेतली तर फायरिंग पिनचा दात पुन्हा ट्रिगर बारच्या मागे जातो आणि ट्रिगर पुढे उसळतो. ही चूक सगळ्यांत जास्त होते. 2010 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून मोठ्या मॉडेलांत दुहेरी रिकॉइल स्प्रिंग आहे. ती जोर मागते, आणि जोर लावला की हात आवश्यकतेपेक्षा जास्त मागे जातो.

तिसरी चूक म्हणजे एकच खटका नीट खाली जाणं. दिसायला ते दोन असले तरी आत ती एकच आडवी पट्टी आहे. एका बाजूने ओढली की ती तिरकी होऊन अडकते. तेलकट किंवा घामेजलेल्या बोटांनी असं हमखास होतं. हात पुसा, नखांऐवजी बोटाच्या पेराने धरा. तरी निसटत असेल तर पातळ रबरी हातमोजे घाला, शिसं आणि सॉल्व्हंटसाठी ते घालायचेच आहेत.

हे सगळं बरोबर करूनही खटके खाली गेल्यावर आपोआप वर येत नसतील, तर त्यांच्या खालची स्प्रिंग गेली आहे. त्या हत्याराने गोळीबार करू नका. ही पट्टी स्लाइडला फ्रेमवर धरून ठेवते.

आतलं सामान

स्लाइड निघाली की ती उलटी धरा. रिकॉइल स्प्रिंगचं मागचं टोक किंचित पुढे दाबून वर उचला. 1991 पासून स्प्रिंग आणि दांडा एकजीव असल्याने स्प्रिंग उलगडून उडत नाही, पण अख्खा दांडा हातातून निसटून डोळ्याकडे येऊ शकतो. चष्मा लावा. मग बॅरल (नळी) थोडं पुढे सरकवून मागच्या टोकाने उचलून काढा. फ्रेम, स्लाइड, बॅरल, स्प्रिंग, आणि मॅगझीन. नेहमीच्या सफाईसाठी एवढंच खोलायचं. फायरिंग पिन, ट्रिगरचा संच आणि खटक्याची पट्टी हे आर्मररचं काम.

बॅरलची सफाई चेंबरच्या बाजूने करा. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी एकदा आरपार, मग डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग 9 मिमीचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार. ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवू नका, केस वाकतात आणि ब्रश अडकतो. शेवटी कोरड्या चिंध्या, अगदी स्वच्छ येईपर्यंत. चौथ्या पिढीपर्यंतच्या बॅरलमध्ये आतल्या कडा गोलसर, बहुकोनी आहेत. त्यात जॅकेट नसलेल्या शिशाच्या गोळ्या मारू नका असं कंपनीच सांगते, कारण शिसं साचून दाब वाढतो.

स्लाइडमध्ये ब्रीच फेस (चेंबरमागची सपाट बाजू) आणि एक्स्ट्रॅक्टरचा दात जुन्या टूथब्रशने घासा. एक्स्ट्रॅक्टरखाली काळी, चिवट पापडी बसलेली असते, पुंगळ्या नीट बाहेर न पडण्याचं ते एक नेहमीचं कारण. घासताना स्लाइडचं तोंड खाली ठेवा. तसं केलं की सॉल्व्हंट तोंडाकडे ओघळतो आणि फायरिंग पिनच्या बारीक छिद्रात शिरत नाही. फ्रेम पॉलिमरची आहे, तिला कोरडा कपडा आणि ब्रश पुरे, ॲसिटोन नको. मॅगझीनही फक्त कोरड्या कपड्याने पुसा.

तेल कमी घालावं हे सगळ्यांना सांगून होतं आणि कुणी ऐकत नाही. मोजून सांगायचं तर स्लाइडच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या खाचांत प्रत्येकी एक बारीक थेंब, बॅरलच्या वरच्या बाजूला आणि ते जिथे स्लाइडला घासतं तिथे बोटाने पसरलेला पातळ थर, आणि फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ट्रिगर बार कनेक्टरला (त्याला खाली ढकलणाऱ्या पट्टीला) टेकतो, तिथे अर्धा थेंब. संपलं. नव्या पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये तांब्याच्या रंगाचं ग्रीस दिसतं, ते पुसायचं नाही.

फायरिंग पिनच्या नळीत, ब्रीच फेसवर, चेंबरमध्ये आणि मॅगझीनमध्ये तेल अजिबात नको. पिनच्या नळीत तेल गेलं की त्यावर काजळी आणि धूळ बसून चिकट लगदा होतो, पिनचा वेग मरतो आणि प्राइमरवर (गोळीच्या तळातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर) नुसता हलका ठसा उमटतो. "गोळी सुटत नाही, माल खराब आहे" अशी तक्रार आली की आधी पिनच्या नळीतलं तेल तपासावं. आणि घरातलं खोबरेल तेल वापरू नका. पुण्याच्या डिसेंबरमध्येही ते बाटलीत थिजतं, मग स्लाइडमध्ये थिजायला किती वेळ लागणार? गंज सोडवणारे पातळ स्प्रेही नकोत. ते हवं तिथे टिकत नाहीत आणि नको तिथे झिरपतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात ड्युटी असेल तर हत्यार भिजल्यावर त्याच दिवशी खोलून पुसा. स्लाइडवरचा थर गंजाला चांगला तोंड देतो, पण आतल्या बारीक स्प्रिंगा आणि मॅगझीनची स्प्रिंग तितकी नशीबवान नसते. चामड्याच्या ओल्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून झोपू नका.

जोडताना काय चुकतं

बॅरल स्लाइडमध्ये बसवा. रिकॉइल स्प्रिंगचं मागचं गोल टोक बॅरलच्या खालच्या लगमधल्या (उभारातल्या) अर्धचंद्राकृती खाचेत मधोमध बसायला हवं. खाचेच्या कडेवर किंवा तिरकं बसलं तरी स्लाइड फ्रेमवर चढते, पण मागे ओढताना अडते किंवा पूर्ण पुढे जात नाही. इथे घाई करणारा माणूस स्लाइडवर हाताने ठोकतो आणि ती आणखी घट्ट बसते. परत काढा, ते टोक बघा.

दुसरी गडबड फ्रेमच्या चार पोलादी पट्ट्यांची. पुढच्या दोन खाचांत शिरतात, मागच्या दोन राहून जातात. बाजूने बघा, स्लाइडची मागची कड फ्रेमपासून वर उचललेली दिसली तर तीच चूक आहे. स्लाइड पुढे काढून पुन्हा सरळ रेषेत लावा. चारही पट्ट्या शिरल्या की ती जवळजवळ विनासायास मागे सरकते.

बसल्यावर स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. आता तपासणी, हत्यार रिकामं आहे हे पुन्हा पाहून आणि तोंड वाळूकडे ठेवून. ट्रिगर दाबा, टिच् व्हायला हवं. ट्रिगर दाबूनच ठेवा, दुसऱ्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळूच पुढे येऊ द्या. मध्येच एक स्पष्ट टक ऐकू येईल, हाताला जाणवेलही. ती टक आली नाही किंवा ट्रिगर ढिला पडला, तर ट्रिगर स्प्रिंग किंवा कनेक्टरचं काहीतरी बिनसलं आहे. नंतर पुन्हा ट्रिगर दाबून, खटके न ओढता, स्लाइड पुढे ढकलून बघा. ती निघता कामा नये. निघाली तर खटक्याची पट्टी उलटी बसवली आहे किंवा तिची स्प्रिंग नाही. कुणीतरी पूर्ण खोलून जोडलेल्या हत्यारात हे सापडतं. अशा पिस्तुलाने गोळी मारली तर स्लाइड फ्रेम सोडून जाऊ शकते.

रिकॉइल स्प्रिंग थकली का हेही याच वेळी कळतं. रिकामं पिस्तूल साधारण 45 अंशात वर धरा, ट्रिगर दाबून ठेवा, स्लाइड पूर्ण मागे नेऊन हाताने सावकाश पुढे सोडत या. ती स्वतःच्या ताकदीने पूर्ण बंद झाली नाही, मिलिमीटरभर जरी उघडी राहिली, तरी स्प्रिंग बदलायची वेळ आली. आधी फ्रेमच्या पट्ट्यांवरचं आणि स्प्रिंगवरचं जास्तीचं तेल पुसून एकदा परत बघा, कारण घट्ट झालेलं तेलही हाच खेळ करतं.

काम झाल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. वापरलेल्या चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून टाका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, त्यात शिसं असतं. गोळ्या दुसऱ्या खोलीतून आणायच्या त्या सगळं सामान आवरल्यावर आणि शेवटचा ट्रिगर दाबून झाल्यावर. भरलेलं हत्यार हातात आल्यावर "एकदा बघूया नीट बसलंय का" म्हणून ट्रिगर दाबायची खोड काही जणांना असते. ती तपासणी आधीच संपलेली असते. राहिलीच असेल तर मॅगझीन काढून क्रम पहिल्यापासून सुरू करा.